रोजच्याच गाडीने रेस? ऑटोक्रॉससाठी साधी गाडी कशी तयार करतात, ते समजून घ्या

रविवारची सकाळ. अमेरिकेतल्या एखाद्या शहराबाहेरचं मोठं रिकामं पार्किंग. डांबरावर नारंगी कोन मांडलेत आणि बाजूला गाड्यांची रांग लागली आहे. पण या काही टीव्हीवर दिसतात तसल्या रेसिंगच्या गाड्या नाहीत. एक होंडा सिव्हिक आहे, तिच्यातली लहान मुलाची सीट काढून बाजूला गवतावर ठेवली आहे. तिच्या मागे पंधरा वर्षं जुनी मझदा मियाटा. त्याच्या मागे ऑफिसला जायची सेडान. दारांवर नंबर चिकटवलेत, तेही कागदाचे.

एकेक गाडी निघते, कोनांच्या मधून वळणं घेत पळते आणि मिनिटाभरात परत येते. संध्याकाळी हेच लोक त्याच गाडीत भाजी घेऊन घरी जातात.

या खेळाचं नाव ऑटोक्रॉस. मोटरस्पोर्टमधला हा सगळ्यात स्वस्त आणि त्यातल्या त्यात सुरक्षित प्रकार. सोशल मीडियावर याचे व्हिडिओ बघितले की पहिला प्रश्न पडतो, आपल्या गाडीने हे जमेल का? आणि दुसरा, त्यासाठी गाडीत काय काय बदलावं लागेल?

पहिल्याचं उत्तर, बहुतेक गाड्यांना जमतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र अनेकांना पटत नाही. कारण ते आहे, सुरुवातीला जवळपास काहीच बदलू नका. असं का, आणि मग पुढे कोणत्या क्रमाने काय करायचं, ते बघू.

आधी खेळ समजून घ्या

ऑटोक्रॉसमध्ये गाड्या एकमेकींशी चाके घासत पळत नाहीत. शर्यत घड्याळाशी असते. कोर्सवर एका वेळी एकच गाडी असते. कोर्स मोठा असेल तर पहिली पुरेशी पुढे गेल्यावरच दुसरी सोडतात. एक फेरी साधारण ४० ते ६० सेकंदांची. दिवसभरात अशा तीन ते सहा फेऱ्या मिळतात आणि त्यातली सगळ्यात चांगली वेळ धरली जाते. वेग बहुतेक वेळा हायवेवरच्या वेगापेक्षा जास्त नसतो, पण वळणं इतकी जवळजवळ असतात की तेवढ्या वेगातही हात-पाय अपुरे पडतात.

कोन पाडला किंवा त्याच्या भोवती खडूने आखलेल्या चौकोनाच्या पूर्ण बाहेर ढकलला, की २ सेकंदांचा दंड. कोर्सचा एखादा दरवाजाच चुकवला तर ती फेरी बाद. जिथे पहिल्या आणि दुसऱ्या नंबरमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक असतो, तिथे २ सेकंद म्हणजे विषय संपला.

अमेरिकेत हा खेळ प्रामुख्याने स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए ही संस्था चालवते. संस्था १९४४ ची. ऑटोक्रॉसला ते 'सोलो' म्हणतात. १९७३ पासून याची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि २००९ पासून ती नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात भरते. हजाराहून जास्त ड्रायव्हर तिथे येतात. पण गावोगावच्या रविवारच्या स्पर्धांना यायला कसलाही अनुभव लागत नाही. वैध लायसन्स, धड गाडी आणि शंभर डॉलरच्या आतलं प्रवेश शुल्क, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं.

आणखी एक गंमत. इथे प्रेक्षक असा वेगळा नसतोच. एक गट गाडी चालवतो तेव्हा दुसरा गट उन्हात उभा राहून पडलेले कोन उचलतो. मग अदलाबदल. कोण कुठे चुकतंय हे कोन उचलताना जेवढं कळतं, तेवढं कुठल्याच व्हिडिओतून कळत नाही.

पहिल्या दिवसाची तयारी: खर्च जवळपास शून्य

स्पर्धेच्या सकाळी गाडीची तपासणी होते. तपासणारा माणूस चाकं हलवून बघतो, बोनेट उघडायला लावतो, ब्रेक दाबायला सांगतो. तिथे नापास होऊन घरी परतायचं नसेल तर ही यादी घरीच उरकायची.

• गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर. पाण्याची बाटली, छत्री, चार्जर, डिकीतला जॅक, पाना, सगळं. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटसुद्धा काढायचं. वळणावर बाटली गडगडत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, हे सांगायला नको.
• चाकांचे नट योग्य ताकदीने आवळलेत का. यासाठी टॉर्क पाना वापरायचा, किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.
• बॅटरी हलतेय का. हलत असेल तर क्लॅम्प घट्ट करायचा.
• टायरला कुठे चीर, फुगवटा किंवा आतली तार दिसतेय का.
• ब्रेक पॅड किती शिल्लक आहेत, ब्रेक ऑइलची पातळी ठीक आहे का, पेडल दाबल्यावर ते स्पंजासारखं मऊ तर लागत नाही ना.
• इंजिन ऑइल, कूलंट, कुठे गळती.

स्टेपनी काढली तर साध्या वर्गातही चालते. पेट्रोल साधारण पाव टाकी ठेवतात. एक लिटर पेट्रोलचं वजन सुमारे पाऊण किलो, म्हणजे ३० लिटर कमी भरलं की २२ किलो वजन फुकटात कमी झालं. पण काटा अगदी तळाला नेऊ नका. जोराच्या वळणावर पेट्रोल टाकीत एका बाजूला सरकतं, पंपाला मिळत नाही आणि गाडी ऐन वळणात झटके खाते.

हेल्मेट लागतंच. अमेरिकेत त्यावर स्नेल या संस्थेचं प्रमाणपत्र असावं लागतं. नवख्यांसाठी अनेक क्लबकडे उसनं हेल्मेट मिळतं. आपल्या उंचीला हेल्मेट घालून डोकं छताला लागत नाही ना, हे मात्र घरीच बघून ठेवायचं.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सीट बेल्टची जुनी युक्ती अशी, सीट थोडी मागे न्यायची, बेल्टला झटका देऊन तो अडकवायचा आणि मग सीट पुढे घ्यायची. बेल्ट अंगाला घट्ट बसतो आणि वळणावर माणूस स्टिअरिंगला लोंबकळत नाही. स्टिअरिंग हे गाडी वळवण्यासाठी आहे, धरून बसण्यासाठी नाही.

हवा: सगळ्यात स्वस्त ट्युनिंग

गाडीच्या तयारीत पहिला हात घालायचा तो टायरमधल्या हवेला. लागतं काय, तर एक चांगला प्रेशर गेज, एक छोटा पंप आणि खडू.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने सुचवलेली हवा लिहिलेली असते. समजा ३२ पीएसआय. ही हवा आरामदायी प्रवासासाठी ठरवलेली असते. ऑटोक्रॉसमध्ये जोराच्या वळणावर साधा टायर बाजूला दुमडतो आणि त्याची बाजूची भिंतच रस्त्याला घासायला लागते. म्हणून साध्या टायरवर लोक स्टिकरपेक्षा चार ते सहा पीएसआय जास्त हवेने सुरुवात करतात. टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही.

आता खडूचं काम. टायरची नक्षी जिथे संपते आणि भिंत सुरू होते, तिथे खडूची आडवी रेघ ओढायची. अनेक टायरवर त्या जागी छोटा त्रिकोण छापलेला असतो. फेरी मारून आल्यावर बघायचं. खडू त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसला गेला असेल तर टायर जास्त दुमडतोय, हवा वाढवा. खडू वरच जसाच्या तसा असेल तर हवा जास्त आहे, टायर पूर्ण टेकतच नाही. कमी करा.

फेऱ्यांमध्ये टायर तापतो तशी आतली हवाही वाढते. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं की प्रेशर साधारण १ पीएसआयने वाढतं. त्यामुळे सकाळी सेट केलेली हवा दुपारपर्यंत तशी राहत नाही. प्रत्येक फेरीनंतर गेज लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

हवेने गाडीचा स्वभावही थोडा बदलता येतो. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक सरळच जात राहतं, त्याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचा भाग सुटून गाडी जास्तच वळते, तो ओव्हरस्टिअर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास सगळ्या हॅचबॅक, नाक सरळ ठेवण्याच्या सवयीच्या असतात. त्यात मागची हवा थोडी वाढवली की मागची पकड जराशी कमी होते आणि गाडी वळायला तयार होते. दोन-दोन पीएसआयने बदलत जायचं.

टायर: पैसे खर्च करायचेच असतील तर इथे

गाडी आणि रस्ता यांचा संबंध फक्त चार ठिकाणी येतो आणि त्या प्रत्येक जागेचा आकार साधारण तळहाताएवढा असतो. इंजिन कितीही ताकदीचं असो, ब्रेक कितीही मोठे असोत, शेवटी सगळं त्या चार तळहातांवर ठरतं. म्हणून ऑटोक्रॉसमध्ये एकाच गोष्टीवर खर्च करायचा तर तो टायरवर.

टायरच्या भिंतीवर 'ट्रेडवेअर' नावाचा आकडा असतो. १०० हा संदर्भ धरून टायर किती टिकेल याचा तो अंदाज. रोजच्या टायरचा आकडा ४०० ते ६०० असू शकतो. आकडा कमी म्हणजे रबर मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी. एससीसीएच्या साध्या वर्गांत किमान २०० ट्रेडवेअरची अट आहे. त्यामुळे कंपन्यांनी नेमके २०० चे टायर बनवलेत. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२, फाल्कन आरटी६६० ही त्यातली गाजलेली नावं. हा आकडा कंपनी स्वतःच चाचणी करून देते. त्यामुळे २०० लिहिलेल्या दोन टायरची पकड सारखीच असेल असं नाही.

मग पहिल्याच दिवशी हे टायर घ्यायचे का? अनुभवी लोक नको म्हणतात. साधा टायर पकड सुटण्याआधी किंचाळतो, हळूहळू सरकतो, म्हणजे ड्रायव्हरला आधी सांगतो. मऊ टायर चुका झाकतो आणि सुटला की पटकन सुटतो. आधीचे टायर घासून संपेपर्यंत त्यांच्यावरच शिकायचं, मग नवे घ्यायचे. यात पैसे वाचतात आणि हातही तयार होतो.

एक धोका लक्षात ठेवायचा. असे मऊ टायर थंडीत नीट पकड घेत नाहीत, आणि नक्षी कमी असल्याने साचलेल्या पाण्यावर तरंगू शकतात. रोज त्याच गाडीने कामाला जाणारे लोक म्हणून रिमचा दुसरा सेट ठेवतात आणि मैदानावर जाऊन चाकं बदलतात.

एक गणित: वजन जातं कुठे?

पुढचे सगळे बदल कळायला एक छोटं गणित हवं. समजा गाडी आणि ड्रायव्हर मिळून ११०० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर. डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर १४५ सेंटिमीटर. वळणावर बाजूचा जोर ०.९ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ९० टक्के.

तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार = ११०० × ०.९ × ५० ÷ १४५. उत्तर येतं सुमारे ३४० किलो.

म्हणजे सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ५५०-५५० किलो होते, ते वळणावर बाहेर ८९० आणि आत २१० झाले. आतले टायर जवळपास सुट्टीवर जातात. टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून भार जितका जास्त सरकेल तितकी एकूण पकड घटते.

या गणितात स्प्रिंग किंवा शॉक अॅब्झॉर्बर कुठेच नाहीत, हे बघा. एकूण भार सरकणं ठरतं ते वजन, उंची, रुंदी आणि जोर यांवर. कडक सस्पेन्शन लावलं म्हणून ते फारसं थांबत नाही. सस्पेन्शन ठरवतं की तो भार पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जाईल, आणि किती पटकन.

याच गणितामुळे उंच एसयूव्हींना या खेळात अनेकदा प्रवेश मिळत नाही. दोन्ही चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हे गुणोत्तर कमी असेल तर गाडी घसरण्याआधी उलटू शकते. वरच्या उदाहरणात ते १.४५ आहे. उंच एसयूव्हीत ते १ ते १.२ च्या आसपास येऊ शकतं. मऊ, जास्त पकडीचे टायर लावले तर हा धोका आणखी वाढतो.

अलाइनमेंट, बार आणि शॉक अॅब्झॉर्बर

टायरनंतरचा नंबर व्हील अलाइनमेंटचा. यात दोन शब्द कळले तरी पुरे.

कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा कल. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल तर निगेटिव्ह कॅम्बर. वळणावर गाडी बाहेर कलते, तेव्हा सरळ उभं असलेलं चाक बाहेरच्या कडेवर जातं आणि टायरचा आतला अर्धा भाग हवेत राहतो. आधीच थोडं आत झुकवलेलं चाक त्या क्षणी सपाट टेकतं. रोजच्या गाडीत हा कल साधारण अर्धा ते एक अंश असतो. ऑटोक्रॉसवाले पुढच्या चाकांना दीड ते अडीच अंश किंवा त्याहूनही जास्त मागतात. पण साध्या वर्गात कंपनीने जेवढी जागा ठेवली आहे तेवढ्यातच तो बदलता येतो.

टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकं आत वळलीत की बाहेर. पुढची चाकं किंचित बाहेर वळवली की गाडी वळणात पटकन शिरते. मागची किंचित आत ठेवली की शेपूट स्थिर राहते. पण टो जास्त झाला की टायर रोजच्या रस्त्यावर घासत चालतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होतो. टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा टोचा हात मोठा असतो. रोजची गाडी असेल तर टो शून्याच्या जवळ ठेवणं शहाणपणाचं.

मग अँटी-रोल बार. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही स्प्रिंगसारखी सळई. ती ज्या टोकाला जाड बसवाल, त्या टोकाच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो आणि त्या टोकाची पकड तुलनेने कमी होते. म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला बहुतेक लोक मागचा बार जाड लावतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मियाटासारख्या गाडीत पुढचा.

शॉक अॅब्झॉर्बर शेवटी. चांगले शॉक महाग असतात. सापासारख्या वळणांत गाडी डावीकडून उजवीकडे झुकते तेव्हा ती किती लवकर सावरते, हे त्यांच्यावर ठरतं. पण जुने शॉक गळत असतील तर प्रश्न वेगळा, ते आधी बदलायचे. ती रेसिंगची नाही, दुरुस्तीची गोष्ट आहे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टायर, बार आणि अलाइनमेंट एकाच आठवड्यात बदललं आणि गाडी बिघडली, तर दोष कुणाचा ते कळणारच नाही.

ब्रेक: मोठे नकोत, चांगले हवेत

मोठ्या डिस्क, लाल रंगाचे कॅलिपर फोटोत भारी दिसतात. पण ऑटोक्रॉसमध्ये फेरी मिनिटभराची, मग गाडी वीस मिनिटं रांगेत उभी. ब्रेकला तापायला वेळच मिळत नाही. उलट ट्रॅकवरचे रेसिंग पॅड गरम झाल्याशिवाय नीट पकडतच नाहीत, म्हणजे पहिल्या कोनालाच पंचाईत. चांगल्या प्रतीचे रस्त्याचे पॅड इथे पुरतात.

दुर्लक्ष होतं ते ब्रेक ऑइलकडे. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसा ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. दोन वर्षांत ऑइल बदललं नसेल तर नवा सायलेन्सर घेण्याआधी ते बदला.

वर्गाचा सापळा

अनेक नवखे इथेच फसतात. ऑटोक्रॉसमध्ये गाड्यांचे वर्ग असतात. एससीसीएचा सगळ्यात साधा प्रकार 'स्ट्रीट'. त्यात टायर, ब्रेक पॅड, शॉक अॅब्झॉर्बर, पुढचा किंवा मागचा एक अँटी-रोल बार, एअर फिल्टर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सायलेन्सर एवढं बदलता येतं. रिमची रुंदी मूळचीच ठेवायची, व्यास एखादा इंच कमी-जास्त चालतो.

आता एखाद्याने हौसेने गाडी खाली बसवणाऱ्या छोट्या स्प्रिंग लावल्या. गाडी दिसायला झकास. पण स्प्रिंग बदलल्या की ती स्ट्रीटमधून बाहेर पडते आणि वरच्या वर्गात जाते. तिथे बाकीच्यांनी रुंद रिम, पूर्ण सस्पेन्शन, सगळं केलेलं असतं. म्हणजे खर्च स्प्रिंगचा आणि स्पर्धा पूर्ण तयार गाड्यांशी. इंजिनचा ईसीयू रिमॅप केला तरी तीच गत.

वेगवेगळ्या वर्गांची तुलना करायला एक निर्देशांकही वापरतात. रिक रूथ यांनी तयार केलेला हा आकडा 'पॅक्स' नावाने ओळखला जातो. समजा तुमच्या वर्गाचा आकडा ०.८ आणि वेळ ५० सेकंद, तर हिशोबात वेळ ४० धरली जाते. त्यामुळे साधी हॅचबॅकही पोर्शच्या वर येऊ शकते. नियम दरवर्षी सुधारतात, म्हणून पाना हातात घेण्याआधी त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचायचं.

सगळ्यात मोठा पार्ट सीटवर बसलेला असतो

स्पर्धेआधी सगळे कोर्स पायी फिरतात. हे चालणं टाळणारा हमखास रस्ता चुकतो. तीन-चार वेळा चालायचं, खाली वाकून ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून कोन बघायचे, कुठे ब्रेक दाबायचा ते ठरवायचं.

चालवताना नजर समोरच्या कोनावर नाही, त्याच्या पुढच्या दोन-तीन कोनांवर हवी. नजर जिथे, गाडी तिथे. कोनाकडे बघत राहिलं की कोन लागतोच. वळणात आधी वेग कमी करायचा, मग वळायचं, मग अॅक्सिलरेटर. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल सुरुवातीला चालू ठेवले तर काही बिघडत नाही. बहुतेक क्लबमध्ये अनुभवी ड्रायव्हर नवख्याच्या शेजारी बसतो. ही मदत नक्की घ्यायची. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत नवखा माणूस काही सेकंदांनी सुधारतो. तेवढी सुधारणा कुठलाच पार्ट देत नाही.

भारतात हे करता येतं का?

येतं, पण दोन फरक आहेत.

पहिला फरक जमिनीचा. भारतात ऑटोक्रॉस नावाने होणाऱ्या बऱ्याच स्पर्धा मातीवर होतात. ब्रिटनमध्येही ऑटोक्रॉस म्हणजे गवत किंवा माती, डांबरावरच्या प्रकाराला तिकडे ऑटोसोलो म्हणतात. मातीवर वरची अर्धी गणितं बदलतात. मऊ गुळगुळीत टायर निरुपयोगी, खोल नक्षीचे हवेत. गाडी खाली बसवणं म्हणजे चेंबर फोडून घेणं, उलट खाली जाड गार्ड लावतात. धुळीमुळे एअर फिल्टर वारंवार साफ करावा लागतो. भारतात मोटरस्पोर्टचं नियमन चेन्नईस्थित एफएमएससीआय ही संस्था करते. तिची मान्यता असलेल्या स्पर्धेत उतरायला स्पर्धा लायसन्स लागतं.

दुसरा फरक कायद्याचा, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने नियमबाह्य बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टायर, ब्रेक पॅड, ऑइल या झिजणाऱ्या वस्तू योग्य मापाच्या वापरणं वेगळं आणि गाडीची रचना बदलणं वेगळं.

विम्याचंही तसंच. भारतातल्या प्रमाणित मोटार पॉलिसीत आयोजित रेसिंग आणि वेगाच्या चाचण्यांसाठीचा वापर वगळलेला असतो. म्हणजे मैदानावर गाडी ठोकली तर खर्च खिशातून. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनीही आपली पॉलिसी आणि गाडीची वॉरंटी आधी वाचून घ्यावी, तिथेही अशी कलमं असतात.

आणि घाटात पहाटे गाड्या पळवणं म्हणजे ऑटोक्रॉस नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षाही मोठा मुद्दा साधा आहे. मैदानावर चूक झाली तर एक प्लास्टिकचा कोन पडतो. घाटात चूक झाली तर समोर दूधवाला असतो, एसटी असते, नाहीतर दरी.

घरी जाण्याआधी

शेवटची फेरी झाली, तरी काम संपलेलं नसतं. टायरची हवा पुन्हा स्टिकरवरच्या आकड्याला आणायची. चाकांचे नट परत तपासायचे. टायर हाताने चाचपून कुठे चीर पडलीय का बघायची. बंद केलेलं स्टॅबिलिटी कंट्रोल चालू करायचं. दारावरचे नंबर काढायचे. स्टेपनी, जॅक आणि मुलाची सीट जागेवर बसवायची.

कारण सोमवारी सकाळी त्याच गाडीने ऑफिस गाठायचं असतं.